जपानी शाळेतला झाडू इथे कोणाच्या हाती येईल?

जपानमधल्या हायस्कुलात वर्ष काढून परतलेल्या मुलांचा आपल्याकडे सत्कार होतो. शाल, श्रीफळ, एखादं रोपटं आणि मग मुख्याध्यापकांची ठरलेली विनंती: "तिथल्या शिस्तीबद्दल आमच्या मुलांना दोन शब्द सांग." काय सांगायचं हे मुलालाही ठाऊक असतं. तिथे शिपाई नसतो, मुलं स्वतः वर्ग झाडतात, फरशी पुसतात, संडास घासतात, असं तो सांगतो. टाळ्या पडतात. पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर नववी 'ब'ला मैदानातले कागद उचलायला लावतात आणि जपान संपतो.

पुण्यात जपानी शिकवत असल्यामुळे अशी परतलेली मुलं मला भेटत राहतात. व्यासपीठावरून खाली उतरली की ती वेगळंच बोलतात. एकीला सगळ्यात जास्त आठवतो तो शाळेच्या दारातला बुटांचा कप्पा, कारण पहिल्याच दिवशी त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी होती. एक जण सांगतो, गणिताच्या तासाला निम्मा वर्ग डुलक्या घ्यायचा आणि सर शांतपणे फळा भरत राहायचे. हात वर करून शंका विचारणारं कोणी दिसलं नाही, ही तक्रार तर बहुतेकांची. बुकात्सु, म्हणजे शाळा सुटल्यावरचे क्लब, हा सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पण टेनिसच्या क्लबात शिरलेल्या मुलाने कित्येक आठवडे नुसते चेंडू गोळा केले, कारण वरच्या वर्गातले सेनपाई आधी. यातलं काहीच सत्काराच्या भाषणात बसत नाही. तिथे झाडूच लागतो.

माझी हरकत त्या मुलांवर नाही. त्यांनी पाहिलेलं खरंच असतं. हरकत ऐकणाऱ्यांवर आहे. आपण त्यांच्या सांगण्यातून झाडू तेवढा उचलतो. तो हातात घेणं तिथे कमीपणाचं वाटत नाही, ते कशामुळे, याची चौकशी करत नाही. ती व्यवस्था तिकडेच ठेवून नुसता झाडू इथे आणला, तर तो कोणाच्या हाती जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आधी ही मुलं तिथे कोणत्या जागेवरून पाहतात ते समजून घ्यायला हवं. एएफएस या संस्थेने शाळकरी मुलांना देशोदेशी पाठवायला १९४७ पासून सुरुवात केली. तिचं मूळ पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांत आहे. २०१८ पासून जपान सरकारच्या 'काकेहाशी' योजनेतून आशियाई देशांतली मुलं तिथल्या हायस्कुलांत काही महिने राहू लागली, त्यांत भारतातलीही होती. रोटरीची देवाणघेवाण त्याहून जुनी. मार्ग कुठलाही असो, मूल तिथे पाहुणं असतं. प्राचीन जपानीच्या तासाला त्याला ग्रंथालयात बसायची मुभा मिळते, परीक्षेत कमी गुण पडले तर कोणी बोलत नाही, केसांचा रंग तपासणारे शिक्षक त्याच्यापाशी थांबत नाहीत. पाहुण्याला घर नेहमी आवरलेलंच दिसतं.

दुसरं असं की ते हायस्कूल पाहतं. जपानमध्ये सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं आहे, सहा प्राथमिक आणि तीन माध्यमिक. हायस्कूल त्यानंतर येतं. तिथे प्रवेशपरीक्षा असते आणि शाळांची उतरंड 'हेन्साची' नावाच्या आकड्याने ठरते. कोणाचं मूल कुठल्या हायस्कुलात गेलं यावरून शेजारीपाजारी हवा तो अर्थ काढतात. म्हणजे आपली मुलं तिथे पोचतात तेव्हा चाळणी लागून गेलेली असते. जपानी शाळेतली जी गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे, ती त्याआधीच्या नऊ वर्षांत घडून गेलेली असते आणि त्यांना ती घरातल्या धाकट्या यजमान भावंडाच्या तोंडूनच कळते.

जेवणाचंच घ्या. परतलेली मुलं 'क्यूशोकु'चं, म्हणजे शाळेतल्या जेवणाचं कौतुक करतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते रोज खाल्लेलं नसतं. हायस्कुलात सहसा क्यूशोकु नसतो. यजमान आई पहाटे उठून बेन्तोचा डबा भरते. (या पहाटेच्या डब्याचा उल्लेखही सत्कारात होत नाही. ती 'शिस्त' नसावी.) क्यूशोकु असतो तो प्राथमिक शाळांत जवळपास सगळीकडे आणि माध्यमिकमध्ये बहुतेक ठिकाणी.

तो पाहण्यासारखा प्रकार आहे. बाराच्या पुढे वर्गातला एक गट पांढरे एप्रन, टोप्या आणि मास्क चढवून स्वयंपाकघरातून भांडी आणतो. भात, सूप, मासा किंवा भाजी, दोनशे मिलीलिटर दूध. तीच मुलं सगळ्यांना वाढतात. शिक्षक त्याच वर्गात, त्याच ताटात, तेच जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक चव घेऊन पाहतात, कारण काही बिघडलं असेल तर आधी त्यांचं पोट बिघडावं. आठवडा संपला की वाढपी मुलं आपला एप्रन घरी नेतात, आई-बाबा तो धुऊन इस्त्री करून देतात आणि सोमवारी तो दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढतो. माझ्या दृष्टीने सगळ्या जपानी शिक्षणातली सर्वांत मोठी गोष्ट हा फिरता एप्रन आहे. कोणाच्या घरी धुतला गेला हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे विचारतील. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न खायला सवर्ण मुलांनी नकार दिला होता. आधी तिलाच कामावरून काढलं गेलं. बोभाटा झाल्यावर परत घेतलं.

क्यूशोकुची सुरुवात गरिबीतून झाली. १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावात, एका बौद्ध मंदिरातल्या शाळेत, गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं दिलं गेलं, ही त्याची पहिली नोंद मानतात. युद्धानंतर उपासमारीच्या काळात परदेशी मदतीतून आलेल्या दूधभुकटीवर तो पुन्हा उभा राहिला. आणि मग, मुद्दा इथे आहे, १९५४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. इमारत, भांडी, स्वयंपाकी यांचा खर्च शाळा चालवणाऱ्या नगरपालिकेचा, धान्य-भाजीचा पालकांचा, अशी त्यात वाटणी आहे. पालकांचा वाटा २०२३ मध्ये महिन्याला साधारण ४,७०० ते ५,४०० येन होता. गरीब घरांना मदत मिळते आणि अलीकडे कित्येक नगरपालिकांनी तो सरसकट माफ केला आहे. २००५ पासून पोषणतज्ज्ञांना शिक्षकाचा दर्जा मिळू लागला. गरिबांसाठी सुरू झालेलं जेवण सगळ्यांचं झालं, म्हणून ते चांगलं राहिलं. डॉक्टरचं मूलही तेच खातं म्हटल्यावर सूप पातळ झालं तर तक्रार करणारं कोणी तरी असतंच.

आपली शालेय पोषण आहार योजना जगातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी आहे आणि मला तिची टिंगल करायची नाही. १९९५ मध्ये धान्याच्या रूपात सुरू झालेली ही योजना २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेल्या अन्नावर आली. लाखो मुलं त्यामुळे शाळेत टिकली. पण ती आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती. ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांची मुलं ती खिचडी खात नाहीत. म्हणूनच महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस आहारात आलेलं अंडं जानेवारी २०२५ मध्ये निधी थांबवून काढता आलं आणि फार कोणाचं काही बिघडलं नाही.

आता झाडूकडे येते. जपानी प्राथमिक शाळेत रोज पंधरा-वीस मिनिटं सफाई चालते. बऱ्याच शाळांत त्या वेळी संगीत लावतात, मोठ्या वर्गातली मुलं लहानांना फडकं पिळायला शिकवतात, शिक्षकही झाडू घेतात. ती 'तोक्कात्सु' नावाच्या अभ्यासक्रमाबाहेरच्या नव्हे, अभ्यासक्रमातल्याच विशेष उपक्रमांत मोडते. तिथे शिपाईच नसतो ही मात्र दंतकथा. शाळेत देखभालीला पगारी कर्मचारी असतो. गळती, गटार, धोक्याची कामं त्याच्याकडे. मुलांच्या वाट्याला येतं ते रोजचं झाडणं-पुसणं, तेही पाळीने आणि सगळ्यांच्या.

'सगळ्यांच्या' हा यातला कळीचा भाग. खासगी प्राथमिक शाळेत जाणारी जपानी मुलं शंभरात एक-दोनच असतील. बाकीची बहुतेक ठिकाणी नगरपालिकेने ठरवून दिलेल्या घराजवळच्या शाळेत जातात. शिक्षक नेमतो प्रांत, आणि दर काही वर्षांनी त्यांना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलवतो, मुख्याध्यापकांनाही. त्यांच्या पगाराचा तिसरा हिस्सा केंद्र सरकार उचलतं. २००६ पूर्वी निम्मा उचलत असे. त्यामुळे बेटावरच्या आणि शहरातल्या शाळेत फरक असला तरी दरी नसते. कारखानदाराचं आणि त्याच्या ड्रायव्हरचं मूल एकाच फरशीवर ओणवं होऊन फडकं ढकलतं. अशा वेळी सफाई कोणावर लादली जात नाही, ती वाटली जाते.

हेही आपोआप झालेलं नाही. जपानमध्ये बुराकू म्हणून हिणवल्या गेलेल्या, कातड्याच्या आणि कत्तलखान्याच्या कामाशी बांधल्या गेलेल्या समाजाने त्यासाठी झगडा केला आहे. १९२२ मध्ये त्यांनी सुईहेइशा ही संघटना काढली. १९६१ मध्ये कोची शहरातल्या नागाहामा भागातल्या बुराकू वस्तीतल्या आयांनी पाठ्यपुस्तकं विकत घ्यायला नकार दिला: संविधान शिक्षण मोफत म्हणतं, मग पुस्तकांचे पैसे कशाचे? तिथून पेटलेली चळवळ १९६३ च्या मोफत पाठ्यपुस्तक कायद्यापर्यंत गेली. आज जपानमधल्या प्रत्येक मुलाच्या रांदोसेरुमधली, म्हणजे दप्तरातली, पुस्तकं त्यामुळे फुकट आहेत. परतलेल्या कोणा विद्यार्थ्याने नागाहामाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. यजमान घरातही ते कोणी काढत नसणार.

आपल्याकडे काय? डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात एका निवासी शाळेत दलित मुलांना मैलाटाकीत उतरवल्याचं उघड झालं आणि अटका झाल्या. ती शाळा अपवाद मानली तरी शाळेत कोणी झाडायचं हे आपल्याकडे बऱ्याचदा आडनावावरून, नाहीतर मुलगी आहे यावरून ठरतं, हे कुठल्याही गावातल्या शिक्षकाला खासगीत विचारा. वर्ग झाडायला मुली, पाणी भरायला मुली, गुरुजींचा चहा आणायला कोण ते ठरलेलं. वर शहरात तर प्रश्नच मिटलेला. फी भरणाऱ्या शाळेत हाउसकीपिंगचं कंत्राट असतं. एकाच सोसायटीतल्या वॉचमनचं आणि फ्लॅटमालकाचं मूल एका शाळेत जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी पंचवीस टक्के जागांची फट ठेवली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट देऊन टाकली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला नसता तर ती फटही बुजली असती. ज्या राज्यात दोन मुलं एका बाकावर बसू नयेत यासाठी सरकार इतका खटाटोप करतं, तिथे जपानी शाळेचं कौतुक कुठल्या तोंडाने करायचं?

आणि या मातीत ही कल्पना नवी आहे असंही नाही. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह उघडलं. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र दळायची, रांधायची, झाडायची आणि एका पंगतीत जेवायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करायला मिळावं म्हणून उपोषणाला बसले होते. या दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत होती: इथे झाडू आधी त्याच्या हातात द्यायचा, ज्याच्या सात पिढ्यांनी तो धरला नाही. सत्काराच्या भाषणातून नेमकी हीच अट गळते.

जपानची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही शाल-श्रीफळाचंच भाषण केलं असं होईल. या सगळ्याचा भार शिक्षकांवर पडतो. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत तिथले माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होते. सहभागी देशांची सरासरी ३८ तासांच्या आसपास होती. जेवण त्यांच्या देखरेखीत, सफाई त्यांच्या देखरेखीत, शनिवारी-रविवारी क्लबचे सामने. जादा कामाचा मोबदला म्हणून १९७१ च्या कायद्याने पगाराच्या चार टक्के भत्ता दिला, तो टप्प्याटप्प्याने दहा टक्के करायचं ठरायला २०२५ उजाडलं. शिक्षक व्हायला तरुण मिळेनासे झाले आहेत.

नियमांचा जाच तर वेगळाच. ओसाका प्रांतातल्या एका सरकारी हायस्कुलात आपले केस जन्मतःच तपकिरी आहेत असं सांगणाऱ्या मुलीला ते काळे करायला लावलं गेलं. ती २०१७ मध्ये कोर्टात गेली. २०२१ च्या निकालात कोर्टाने केसांचा नियम वैधच ठरवला. भरपाई मिळाली ती शाळेने हजेरीपटावरून तिचं नाव आणि वर्गातून तिचं बाक काढून टाकलं याबद्दल. टोकियोने २०२२ पासून आपल्या सरकारी हायस्कुलांतले असे बरेच नियम काढले. वर्षात तीस किंवा अधिक दिवस शाळेपासून दूर राहणारी प्राथमिक-माध्यमिक मुलं २०२३ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ४६ हजारांवर गेली होती. सगळ्यांनी सारखं असण्यात ज्याला जमत नाही, त्याला ही शाळा चिरडते. शिवाय परदेशी नागरिकांच्या मुलांना तिथे शिक्षणाची सक्ती लागू नाही. ब्राझिलियन किंवा फिलिपिनो कामगाराचं मूल त्याच शाळेत भाषेविना गटांगळ्या खातं आणि २०१९ च्या सरकारी पाहणीत अशी वीस हजारांच्या जवळपास मुलं शाळेत नसावीत असं निघालं. आपल्या पाहुण्या विद्यार्थ्याच्या शेजारच्या बाकावरच्या या मुलाला सत्कार नाही.

तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांचं वागणंही बोलकं आहे. टोकियोच्या निशिकासाईत स्थायिक झालेले अनेक भारतीय पालक मुलांना भारतीय अभ्यासक्रमाच्या इंग्रजी शाळेत घालतात. परत जायचं झालं तर सीबीएसई हवं, ही अडचण खरीच आहे. पण रविवारी भिशीत जपानी सरकारी शाळेची तारीफ तेच करतात. उलट उदाहरणही आहे: पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डात निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाहेरून कौतुक करणं आणि आत शिरून जबाबदारी घेणं यात केवढं अंतर आहे ते अशा वेळी दिसतं.

जपानी शाळा आयात करून पाहिलेला एक देश आहे, इजिप्त. २०१६ मध्ये अध्यक्ष सीसी जपानला गेले, करार झाला आणि २०१८ मध्ये तीसहून अधिक 'इजिप्शियन-जपानी' शाळा उघडल्या. तोक्कात्सु आलं, हात धुणं आलं, मुलांनी वर्ग झाडणं आलं. पण या शाळा फी घेतात. साध्या सरकारी शाळेतल्या मुलांना ती परवडण्यासारखी नाही. ज्या समतेतून ती सफाई उगवली ती बाजूला राहिली आणि सफाई मध्यमवर्गाने विकत घ्यायची वस्तू झाली. पुणे-मुंबईतल्या एखाद्या संस्थेच्या माहितीपत्रकात 'जपानी मूल्यशिक्षण' आलं तर मला नवल वाटणार नाही.

माझं म्हणणं मुलांनी शाळा झाडूच नये असं नाही. झाडावी. पण सुरुवात जिल्हा परिषदेच्या शाळेतून नको. तिथली मुलं घरीही झाडतात, शेतातही राबतात. सुरुवात लाखाच्या घरात फी घेणाऱ्या शाळांपासून करा. पाळीचा तक्ता दारावर लावा, त्यात मुलगे-मुली आळीपाळीने आणि विश्वस्तांच्या नातवासकट सगळे. शिक्षकही त्यात. मैलाटाकी, गटार, ऍसिड यांना मुलांनी हात लावायचा नाही, त्याला रीतसर पगाराचा, हातमोजे-बूट दिलेला माणूस. नळाला पाणी नसेल तर तक्ता लावायचाच नाही. आणि महिन्यातून एकदा तरी त्या शाळेत शेजारच्या पालिका शाळेचा पोषण आहार सगळ्यांनी एकत्र बसून खावा, संचालकांनी सगळ्यांत आधी. पहिल्या पालकसभेत किती जण उठून जातात त्यावरून आपल्याला जपान किती आवडतो ते कळेल.

पुढच्या जूनमध्ये आणखी मुलं परततील. त्यांना शिस्तीबद्दल विचारू नका. तुझ्या यजमान घरच्या धाकट्याच्या वर्गात कोणाकोणाची मुलं होती, त्याच्या शिक्षिका रात्री किती वाजता घरी जायच्या, तुझ्या वर्गातलं कोणतं बाक रिकामं असायचं, एवढं विचारा.